दवाखान्याचा पहिला कागद

वारजे, पुणे
२० जानेवारी २०२५

ती. रामदासदादास,

मुक्ताचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला आता आराम आहे ना? अक्षर वाकडं आलंय, समजून घे. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. बाथरूममध्ये पडले, हे फोनवर सांगितलंच होतं. हे मात्र ऑफिसात बसून लिहितेय. माझा फोन साई बघतो.

साईसाठी तू वहिनींच्या भाचीचं, पूर्वाचं स्थळ सुचवलंस. वर म्हणालास, ‘मुक्ताचा मुलगा, मग चौकशी कशाला?’ अरे दादा, चौकशीवरच तर माझं पोट चालतं!

मारहाणीत जखमी झालेले लोक भरपाईसाठी आमच्या वकीलसाहेबांकडे येतात, ते आधी माझ्यासमोर बसतात. कुणी मारलं, कुणी पाहिलं, हे सगळं नंतर. आधी मी दवाखान्याचा पहिला कागद मागते. त्यावर ‘पडून लागलं’ असलं की केस लंगडी. मग गोड बोलून, चहा पाजून परत पाठवते. या कामात माझा हात कुणी धरणार नाही.

शुक्रवारी मार्केट यार्डातल्या सुंदराबाई आल्या. मुकादमाने ढकललं, मनगट मोडलं. कागदावर मात्र ‘पाय घसरून’. मी जरा तोऱ्यातच विचारलं, “मावशी, डॉक्टरांना खरं का नाही सांगितलं?”

“कसं सांगू बाई? त्योच रिक्षात घालून घिऊन गेला व्हता. शेजारीच हुबा.” मग माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाल्या, “तुमच्यासंगं कोण व्हतं?”

मी प्लास्टर पदराखाली घेतलं. माझ्यासोबत साई होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोच म्हणाला, “आई बाथरूममध्ये पडली.” मी मान डोलावली.

ही तिसरी वेळ, दादा. लाज वाटते, आणि त्याहून जास्त भीती. पोटच्या पोराची तक्रार कुठल्या तोंडाने देऊ? आणि नाही दिली तर जाऊ कुठे? संध्याकाळी त्याच्या गाडीचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जाते. तरी डाव्या हाताने ताट मीच वाढते.

माझं काय करायचं ते मला अजून सुचत नाही. पण पूर्वाच्या घरी नकार कळव. कारण विचारतील, तेव्हा पत्रिका जुळत नाही वगैरे सांगू नकोस. हेच पत्र वाचायला दे.

मग ते पाकिटासकट जपून ठेव. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते, आणि खरं लिहिलेला माझा हा एकच कागद आहे.

मी पडले नव्हते.

तुझी धाकटी,
मुक्ता