दुसऱ्या दिवसाची निकर

१२ नोव्हें., बुधवार
एम.सी., दिवस दुसरा. पांढरकवडा–मुकुटबन, दुसरी फेरी. दोन पॅड एकावर एक लावून निघाली होती. अर्ध्या रस्त्यातच कळलं, गेलं. कंडक्टरच्या सीटवर हा एवढा डाग. एक म्हातारी उतरता उतरता कानात म्हणे, "बाई, मांगून पाह्यजो."
मेली मी लाजेनं. ड्रायव्हर गेडामभाऊंच्या ध्यानात आलं. पाण्याची बाटली अन् फडकं मांगं सरकवलं अन् तोंड खिडकीकडं केलं. ओढणी कमरेले बांधून मुकुटबनपर्यंत उभ्यानंच तिकिटं काढली.
अकरा वर्षं झाली एस.टी.त. कपड्यावर हजारदा लागलं असन. सीटवर पहिल्यांदा.

१३ नोव्हें.
रजा. वंदनाताई आल्या, मोठ्या जाऊबाई. त्यांचं एकच पालुपद. "काढून टाक पिशवी. एक लेकरू झालं, मोठं झालं. आता काय लोणचं घालतं तिचं?"
स्वतःची चौतिसाव्या वर्षी काढली. तवापासून कंबर धरून उठतात, थंडीत पंखा लावून झोपतात. थे नाही सांगत.
प्राचीचे बाबा, आमचे हे, म्हणे, "ताई बरोबर म्हणून राह्यल्या. नाही तं नोकरी सोड. संक्रांत झाली की करून टाकू." घराच्या छपराचे कवेलू फेरायचे असावे तसं बोलतो हा माणूस!
नोकरी सोडणार नाही. पिशवीचं... माहीत नाही. भेव वाटते. आपल्या पोटातलं आपल्याले न इचारता काढून राह्यले असं वाटते.

१६ नोव्हें., रविवार
डेपोतल्या एका कंडक्टर मैत्रिणीनं सांगतलं, पाळीची निकर येते म्हणे, धुवून परत घालाची. आतमध्येच शोषून घेते. ती दोन वर्षांपासून घालून राह्यली, मले पत्ता नाही! बायका एकमेकींले भाजीचं सांगतात, हे नाही सांगत.
दुपारभर मोबाईल. डोकं फिरलं. कमी जाणाऱ्यांची वेगळी, मध्यम वेगळी, जास्तवाल्यांची वेगळी. कोणती मांगपर्यंत जाड, कोणती फक्त मधात. एकीनं लिवलं, आठ तास चालली. दुसरीनं लिवलं, दोन तासांत मांडीवर. कोणाचं खरं मानाचं? दोघींचं नाव एकच, सुनीता.
शेवटी जास्तवाली, कमरेपर्यंत उंच, मांगपर्यंत जाड, काळी. तीन.
मापाले थोडी अडली. मग एक नंबर मोठी टाकली. आपण कपडा घेतो तं मोठाच घेतो, धुतल्यावर आटते.

२४ नोव्हें.
पार्सल आलं. प्राचीच्या बाबांनी फोडलं! निकर उचलून पाह्यली, "हे काय हाय, एवढी जाड?" म्हटलं, थंडीची आहे. ठेवून देली बिचाऱ्यानं.
घालून पाह्यली. ढगळ. पण बरं वाटलं. कुठी काचत नाही.

८ डिसें., सोमवार
दि. २. वणीची फेरी. आज मोठ्या ऐटीत निघाली, पॅडबिड काही नाही.
वणी यायच्या आंधी दोन्ही मांड्या ओल्या. कपडा अंगाले टेकलाच नाही, बाजूनं सरळ खाली. शोषणार काय, माह्यं कपाळ? वणीच्या स्टँडवर संडासात बसून रडली. पाच मिनिटं. मग गेडामभाऊंचा हॉर्न.
सलवार काळी होती म्हणून निभलं.

९ डिसें.
निकर गरम पाण्यात भिजवून राह्यली होती, माह्यी आई पाळीचे कपडे जशे भिजवाची तशी. प्राची (पोरगी, दहावीत) मोरीच्या दारात आली अन् ओरडली, "आई, गरम पाणी नाही! थंड्यात धुवाची. नाही तं आतला थर खराब होते."
"तुले कसं माहीत?"
"लिवलं रायते त्याच्यावर."
मग माहीत झालेलं सगळं सांगतलं पोट्टीनं. मोठी घेतली हेच चुकलं. हे अंगाले चिपकून पाह्यजे. कमरेसंगं मांडीचंही माप घ्यावं लागते. दुसऱ्या दिवशी तीन पुरत नाही, अर्ध्या दिवसानं बदलावी लागते. टेप आणून माह्यं माप तिनंच घेतलं. मोबाईल पाहून पाहून पोरी हुशार होतात, मी म्हटलं. तिनं टेप गुंडाळला अन् अभ्यासाले गेली.
नवीन मागवल्या. बरोब्बर मापाच्या. चार. काळ्याच.

३ जाने., शनिवार
दि. २. बाप्पा रे! एक थेंब नाही बाहेर. सकाळी एक, मुकुटबनले बदलून दुसरी. ओली पिशवीत, झिपवाली. दोन्ही फेऱ्या बसून केल्या, सीटवर, राणीवाणी. दर पाच मिनिटाले मांगं हात नेऊन पाहाची सवय, आज तीनदाच पाह्यलं. गेडामभाऊ म्हणे, "ताई, आज दर तिकिटाले मस्करी करून राह्यल्या तुम्ही." खरंच करत होती.
वंदनाताईले फोन करून सांगतलं, लोणचं घालतो म्हणून.

४ जाने., रविवार
दि. ३. निकर धुवाले बसली. थंड पाणी, पिळली. लाल. पाणी फेकलं, परत पिळली. लाल. सहा बादल्या. आतापर्यंत पॅड कागदात गुंडाळून फेकत होती, पाह्यलं कोण? काळ्या कपड्यावर तं दिसतच नाही. आज पाण्यात दिसलं.
उठली तं मोरीची भिंत फिरली. खाली बसली परत. प्राचीनं दंडाले धरून खाटेवर आणलं.
बाहेर नाही आलं म्हणजे कमी झालं, असंच समजून बसली होती मी.

६ जाने., मंगळवार
सरकारी दवाखाना. प्राचीच्या बाबांनी सांगतलं होतं, ऑपरेशनची तारीखच घेऊन ये. डॉक्टर बाई तरण्या, पण धीरानं ऐकून घेतलं. डोळ्याची पापणी खाली ओढून पाह्यली. रक्त फार कमी आहे म्हणे, आधी ते भरायचं, ऑपरेशन लगेच कोणी करणार नाही. सोनोग्राफी केली. पिशवीत काहीच नाही, साफ.
"मग जाते कायले एवढं?"
त्यांनीच उलटं इचारलं. "कधीपासून?"
"पहिल्या पाळीपासूनच."
"दात काढला तेव्हा रक्त लवकर थांबलं होतं?"
नव्हतं. दोन दिवस कापूस धरून होती. यांना कसं माहीत?
"आईला?"
"आईलेही असंच. तिच्या आईलेही."
पेन थांबला त्यांचा. म्हणे, दोष पिशवीतच असेल असं नाही. काहींचं रक्तच लवकर गोठत नाही, घराण्यात चालत येतं. त्याची तपासणी नागपूरला. तसं निघालं तर गोळ्या-औषधं आहेत. अन् न तपासता पिशवी काढायला घेतली असती तर टेबलावर रक्त थांबवणं कठीण गेलं असतं.
संक्रांतीनंतर म्हणत होते हे. आठ दिवसांवर आली संक्रांत.
निघता निघता इचारलं, "मुलगी आहे का? तिचं कसं आहे?"
"तिचं बरोबर आहे," म्हटलं. ठासून म्हटलं.

६ जाने., परत
बसमध्ये येताना सुचलं. तिचं बरोबर आहे हे मले सांगतलं कोणी? कधी इचारलंच नाही. दोन वर्षं झाली तिले सुरू होऊन.
घरी आल्या आल्या इचारलं, "प्राची, तुले किती जाते?"
वहीत पाहून राह्यली.
"सांग ना वो बाई."
"दुसऱ्या दिवशी मी बाकावरून उठत नाही. मधल्या सुट्टीतही नाही. सगळ्या गेल्या की उठते." मग, "थे निकरचं मी माह्यासाठी पाहून ठेवलं होतं. माप, धुणं, सगळं."
"मंग सांगतलं काहून नाही?"
"तूच तं म्हटलं होतं. पहिल्या दिवशीच. आपल्यात असंच जाते, बोभाटा करू नको."
म्हटलं होतं. डोक्यावरून हात फिरवत म्हटलं होतं, मोठं शहाणपण सांगून राह्यली अशी. माह्या आईनं मले म्हटलं तसंच. स्वतःचा असा राग आला की पोरीकडं पाहवेना.
प्राचीचे बाबा आले. "तारीख भेटली?" सगळं सांगतलं, टेबलावरचंही. खाटेवर बसून राह्यले, चपलाही नाही काढल्या. मग म्हणे, "नागपूरले मी येतो."
गेडामभाऊंले निरोप धाडला, उद्या मी नाही. दवाखान्यात प्राचीची चिठ्ठी काढाची आहे, मंग दोघींचं नागपूर.
जेवता जेवता प्राची हळूच म्हणे, "आई, माह्यीबी पिशवी काढतीन काय?"
पंधरा वर्षांची आहे.
"नाही" म्हटलं. यावेळी ठासून म्हणता नाही आलं.