ह्यांच्या नाकाची परीक्षा

३ नोव्हेंबर, सोमवार

आणि वर म्हणतात, वास आला नाही! पांढऱ्या शर्टाची अख्खी बाही करपली, धुरानं गल्लीतलं कुत्रं उठून पलीकडे गेलं, समोरचा चष्मेवाला नाकाला रुमाल लावून विचारायला आला, आणि इस्त्री हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला वास आला नाही! जन्म गेला ह्या धंद्यात. इस्त्रीचं निम्मं काम नाकावर चालतं. कापड पिवळं दिसायच्या आधी नाकाला कळतं, आता उचल. लग्न होऊन आले तेव्हा हे मला ह्यांनीच शिकवलं.

हे म्हणजे माझे मालक. मालक नुसतं म्हणायचं, दुकान मी चालवते.

शर्ट टायवाल्याचा. बँकेत साहेब आहे, कॉलरवर बोट फिरवून बघतो. त्याच्यापुढे मान मी खाली घातली. हे मागे उभे, तोंड कोरं. लाज नाही, खंत नाही. काम टाळायचं असलं की माणूस काय काय करतो.

लेक सासरहून आली होती. म्हणाली, आई, मनातलं वहीत लिहीत जा, म्हणजे दुकानात कमी ओरडशील. म्हणून ही वही. मी ओरडत नाही. माझा आवाज मोठा आहे.

ठरवलं: उद्यापासून ह्यांना एक शब्द बोलणार नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बोलले. सकाळीच. पण कारण होतं. स्वतःच्या शर्टाचं एक बटण लावायला माणसाला चहा गार होईपर्यंत वेळ लागावा? आणि तो उजवा अंगठा. सारखा बोटावर घासत बसायचं. म्हटलं, गोळ्या वळताय का काय? थांबवा ते. हे म्हणाले, थांबत नाही. तेसुद्धा इतक्या हळू की मला तीनदा विचारावं लागलं. मुद्दाम हळू बोलतात, म्हणजे मीच ओरडते असं लोकांना वाटावं.

दुपारी नणंदबाईंचा फोन. "वहिनी, दादा अजून दुकानातच झोपतो?" म्हटलं, हो. "स्वतःच्या घरातून बाहेर काढलंस माझ्या भावाला!" म्हटलं, तुमचा भाऊ झोपेत लाथा घालतो. मला खाटेवरून खाली पाडलंय, एकदा डोळा काळानिळा केलाय. आधी तुम्ही खा चार लाथा, मग बोला. फोन ठेवला.

बाहेर काढलेलं नाही. इस्त्रीचं टेबल चांगलं रुंद आहे. वर जाड घोंगडी, इस्त्रीची ऊब असते. उशी मी स्वतः दिली. मधली एक भिंत, एवढंच. मागच्या आठवड्यात दुकानात धप्पकन काहीतरी पडलं. कपड्यांचा गठ्ठा असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या कोपराला खरचटलेलं होतं. विचारणार होते, पण गिऱ्हाईक आलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लेकीनं नंबर लावला होता, मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं, अंगठा हलतोय, मेंदूचा काय संबंध? पण दुकान अर्धा दिवस बंद ठेवून नेलं. एवढं कोण करतं?

डॉक्टरीण लेकीच्या वयाची. आधी ह्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, नाव लिहायला लावलं. ह्यांनी मुंग्या लिहिल्या. म्हटलं, कागद काय विकत आणलाय का, मोठं लिहा की. डॉक्टरीण माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, त्यांचं त्यांना लिहू दे."

मग वासाची परीक्षा. खरंच असते. छोटी छोटी कार्डं, नखानं खरवडायची, हुंगायची, आणि सांगायचं कसला वास. साबणाचं कार्ड आलं. साबण! चोवीस तास साबणात असलेला माणूस. हे म्हणाले, "लिंबू?" मी नुसतं खाकरले. पुढचं धुराचं. मी जरा बाहीकडे हात नेला, आठवण म्हणून. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं.

साफ नापास.

नंतर मला आत बोलावून समजावलं. पार्किन्सन म्हणतात त्याला, बहुतेक तेच. म्हणाल्या, पूर्वी हात थरथरला की आजार सुरू झाला असं समजायचे. आता रिसर्चमध्ये दिसलंय की थरथर उशिरा येते. त्याच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो, बऱ्याच जणांचा. आवाज बसतो. अक्षर बारीक होतं. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मग हसू नाही, राग नाही, काही दिसत नाही. "म्हणून काकू, त्यांच्या तोंडाकडे बघून मनातलं ओळखायला जाऊ नका. विचारत जा." जगभर ह्यावर अभ्यास चाललाय, म्हणाल्या. आधीच ओळखता आलं तर पुढं काही करता येईल. त्यासाठी त्या घरच्यांना सगळं विचारून घेतात.

मग विचारलं, "झोपेत हातपाय झाडतात का? ओरडतात? कधीपासून?"

मी म्हटलं, हे वेगळे झोपतात, मला काय माहीत.

खोटं नाही हे. वेगळेच झोपतात.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर त्या प्रश्नापुढे 'नाही'ची फुली मारली. ती फुली घरी येईपर्यंत डोळ्यांपुढून हलेना.

८ नोव्हेंबर, शनिवार

विचार केला. परीक्षेत नापास झालं की काय करतात? अभ्यास करतात. ह्यांना आधी सांगितलंच नव्हतं परीक्षा आहे म्हणून. तयारी नसली की कोण पास होणार? पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. तोवर नाक तयार करते. नाक पास झालं की आजारच नाही, मग ती फुली बरोबरच ठरेल.

कॉफी, साबण, कांदा, लिंबू, फिनाईल. एकेक डब्या-बाटलीत घालून ओळीनं टेबलावर मांडलं. ह्यांच्या डोळ्यांना गिऱ्हाइकाचा टाय बांधला (धुतलेला). एकेक उघडायचं, नाकाशी धरायचं.

आज पहिला दिवस, कांद्याला कॉफी म्हणाले. मी शांत राहिले. चष्मेवाला म्हणतो रस्त्यापर्यंत ऐकू आलं, पण तो चहाडखोर आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुधारणा! कॉफी बरोबर, फिनाईल बरोबर. कांद्यावर जरा अडले, मग तोही बरोबर. मोठमोठे रिसर्चवाले काचेच्या नळ्या घेऊन बसलेत आणि इथं इस्त्रीच्या टेबलावर काम झालं. नणंदबाईंना फोन करून सांगितलं, तुमच्या भावाचं नाक मी परत आणलं. त्या म्हणाल्या, "आणि भाऊ? त्याला कधी आत आणतेस?" ह्या बाईला चांगलं बोललेलं पचत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी

सगळे बरोबर. एक चूक नाही. मी टाळ्या वाजवल्या. लेक आली होती, तिलाही बोलावून दाखवलं. लेक जरा वेळ बघत राहिली. मग तिनं कॉफीच्या डब्याचं झाकण वाजवलं आणि नाकाशी कांदा धरला.

हे म्हणाले, "कॉफी."

फिनाईलची बाटली हलवली, पुढे केलं लिंबू. "फिनाईल."

मी म्हटलं, अहो, नाक कुठंय तुमचं? ह्यांनी टाय सोडला. हळूच म्हणाले, "झाकणाच्या आवाजावरून सांगतो. कॉफीचा डबा ठक्क वाजतो."

मग मला आधीच का नाही सांगितलं?

"तू टाळ्या वाजवतेस."

लेक चहा करायला आत गेली. मी कांदा चिरायला घेतला. कशाला चिरला माहीत नाही, भाजी झालेली होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आधीच. म्हटलं, लिहून घ्या, झोपेत लाथा घालतात, बुक्क्या घालतात, ओरडतात. लेकीच्या लग्नाआधीपासून. आता तिला मूल झालंय. मला वाटलं राग काढतात माझ्यावर. दिवसा तोंड उघडत नाहीत, म्हणून रात्री.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, झोपेत स्वप्न पडतं तेव्हा मेंदू अंगाला कुलूप लावून ठेवतो. काही जणांत ते कुलूप बिघडतं, मग स्वप्नात जे चाललंय ते हातपाय खरंच करतात. असं होणाऱ्या पुष्कळ जणांना पुढे हा आजार होतो, हे आता पक्कं कळलंय. ही फार मोलाची खूण. आणि विचारलं, सध्या कुठं झोपतात?

टेबलावर, म्हटलं.

"उंच आहे?"

कमरेएवढं.

त्या मला काहीच बोलल्या नाहीत. बोलायला पाहिजे होतं. मी तयारी करून गेले होते, सगळी उत्तरं होती माझ्याकडे. त्या फक्त म्हणाल्या, जमिनीवर गादी घाला, टोकदार काही जवळ ठेवू नका, एकटं ठेवू नका, त्याच खोलीत थोडं अंतर ठेवून झोपा. औषध लिहून दिलं.

मी विचारलं, माझ्या ओरडण्यानं झालं का हे? तर म्हणाल्या, नाही, ओरडण्यानं असं होत नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं.

येताना हे हळूहळू चालत होते. पाऊल अडलं की मी मोठ्यानं एक-दोन, एक-दोन म्हणत होते, तसं करायला सांगितलंय, सुरात पाऊल पडतं. माझा आवाज पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला. मध्येच विचारलं, स्वप्नात लाथ कुणाला मारता? म्हणाले, "टायवाल्याला." म्हटलं, आणि मी कुठं असते? ह्यांनी दोन पावलं टाकली. मग म्हणाले, "तूच त्याला धरून ठेवतेस."

हसले की नाही ते तोंडावरून कळलं नाही. मी हसले. मग रस्ता ओलांडेपर्यंत हसूही गेलं. मी त्याला धरून ठेवते, आणि हे टेबलावरून पडतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज रात्रीपासून हे आत. ठरलं म्हणजे ठरलं. खाट बाहेर काढली. जमिनीवर दोन गाद्या, मध्ये हातभर जागा. कपाटाच्या कोपऱ्याला गिऱ्हाइकांच्या रजया बांधल्या (सोमवारी द्यायच्या आहेत, तोवर चालतं). चादर नवी घातली. उशी माझी दिली, खरी चांगली ती.

हे दारात आले, बघितलं, म्हणाले, "नको. तुला लागेल." आणि गेले परत दुकानात.

मी म्हटलं, लागू दे! एवढं मोठ्यानं म्हटलं की रात्रपाळीचे कपडे न्यायला आलेली नर्सबाई न नेताच गेली. गोड बोलायचं ठरवलं होतं. शब्द गोडच होते.

टेबल आवरून मी ह्यांचं अंथरूण दुकानातच जमिनीवर घातलं. तेवढं ऐकलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद. आज सारखी विचारत होते, आत येताय ना? चहा देताना, औषध देताना, पावलं मोजताना. एवढ्या वेळा विचारल्यावर माणूस विरघळतो. रात्रीपर्यंत नक्की.

संध्याकाळी

ह्यांनी आत घातलेली नवी चादर काढून नेली. मला वाटलं, सुरुवात झाली, अंथरूण स्वतः लावणार. दुपारभर इस्त्रीशी उभे. एका हातानं दुसरा हात धरून. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेव कपाटात."

विचारलं, रागावलाय का माझ्यावर? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघत बसले. पूर्वी भुवई हलली तरी कळायचं. आता काही म्हणजे काही कळेना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नणंदबाईंना मीच फोन केला. म्हटलं, तुमचा भाऊ आत येत नाही, तुम्ही सांगून बघा. त्यांनी आधी तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "वहिनी, बाहेर त्याला तूच पाठवलंस ना? मग तूच विचार. पण ओरडू नकोस." ओरडायचं नाही म्हणे. विचारायला गेले की माझा आवाज चढतो आणि ह्यांचा बसतो, बोलणं होणार कसं? म्हणून आधी इथं लिहून ठेवते. उद्या दुकान उघडायच्या आधी, हळू आवाजात, असंच्या असं म्हणणार.

अहो. मला एकटीला झोप लागते, तो प्रश्न नाही. तुम्ही पडलात तेव्हा मला आवाज आला होता. मी जागी होते. उठले नाही. मला लागेल म्हणून तुम्ही येत नसाल तर लागू दे, मी रजई गुंडाळून झोपेन. आणि रागावला असाल तर रागवा, पण आत येऊन रागवा. तुमच्या तोंडावरचं आता मला वाचता येत नाही, आणि मान हलली तर ती मुद्दाम हलवलीत की आपोआप, तेही कळत नाही. तेव्हा शब्दात पाहिजे. येता की नाही? शनिवारी दुकान बंद करायच्या आत सांगा. कितीही हळू सांगा, मी जवळ येऊन ऐकते.