एक सही कमी

९ नोव्हेंबर, रविवार. सातारा

सकाळी कॉलनीची मीटिंग. सगळे रिटायर्ड फौजी. विषय एकच, समोरच्या खोलीत भाड्यानं राहणारी वनिता नर्स. नवऱ्यापासून वेगळी राहते, ड्युटीवरून कधीही येते-जाते, म्हणून तिला काढा, असा घरमालकाला अर्ज. लिहिला कुणी? मीच. पलटणीत अठ्ठावीस वर्षं क्लार्की केली ना! 'कॉलनीच्या शिस्तीस बाधा येते.' चेअरमन म्हणाले, "वा, काय ड्राफ्ट हाय!" फुगलो. पहिली सही माझी.

सगळ्यांनी केल्या. फक्त सिदूनं नाही. माझ्याच पलटणीतला नाईक, 'जी साब' सोडून ज्याच्या तोंडून दुसरा शब्द कधी ऐकला नाही, तो!

"हुकूम कुणाचा हाय? नाव सांगा, लगीच करतो."

"हुकूम न्हाई रं, सगळ्यांचं ठरलंय."

"मग न्हाई." चपला घातल्या नि गेला.

१० नोव्हें.

हिला कळलं. हिच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर पोटात इंजेक्शनं होती, ती वनितानंच घरी येऊन दिली. चहासुद्धा उभ्याउभ्या घ्यायची. ही एवढंच म्हणाली, "तवा बरी चालली ती." मग बोलणं बंद. भाजीत मीठ नव्हतं. मागायची छाती झाली नाही.

१६ नोव्हें., रविवार

कट्ट्यावर सिदूशी कुणी बोलत नाही. मी पण नाही. तरी दर रविवारसारखा पेपर वाचायला घरी आला. पुढच्या दारानं, सगळ्यांदेखत. विचारलं, भीती नाही वाटली रं?

"लय वाटली. त्या दिवशी जेवान गेलं न्हाई. पर तिनं आपलं काय वाकडं केलंय, सायेब?"

मी पेपरात तोंड घातलं.

२८ नोव्हें.

वनितानं खोली सोडली. टेम्पोत एक गादी, एक कपाट. सांगलीला विश्रामबागेत दवाखान्यात लागली म्हणे. मी पडद्याआडून बघत होतो. थू माझ्यावर.

११ डिसें., गुरुवार. सांगली

माफी मागायचीच, म्हणून सकाळची एस्टी धरली. पेढे घेतले. कराडपर्यंत वाक्य पाठ केलं : पोरी, तो अर्ज माझ्या हातचा आहे.

दवाखान्याच्या दारात तीच आधी बोलली. "काका! मालकांनी नावं सांगितली न्हाईत, पण एक सही कमी हाय म्हणाले. मी लगेच ओळखलं, ते तुमीच." आणि पाया पडली. भर दारात.

हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. तिच्या डोक्यावर हात मात्र ठेवला. कसा उठला तो हात?

निघताना काकूंना म्हणून हळद दिली, तिच्या आईनं कांडलेली.

१२ डिसें.

"मागितली का माफी?" हिनं विचारलं. मी हं केलं. खूप दिवसांनी हसली. संध्याकाळी त्याच हळदीचं दूध दिलं. पेला तसाच निवला.

१७ डिसें., बुधवार

वनिताचा फोन. रविवारी सुट्टी आहे, काकूंना बघायला येते. ही खूश. पुरण घालायचं म्हणते.

रविवारी सिदू असणार. त्याला खोटं बोलता येत नाही. 'या रविवारी येऊ नकोस' म्हटलं तर येणार नाही, मी सिनिअर आहे. फक्त विचारेल, हुकूम कुणाचा हाय सायेब?

मग माझं नाव सांगावं लागेल. मधे अजून तीन दिवस आहेत.