पावावरचा क्रूस

व्हिएन्ना, मार्च १९२४

प्रिय आई,

तुझ्या हेडविगचा लांबूनच गालाला गाल. खोकला गेला म्हणायला हरकत नाही, खोलीही उबदार आहे.

आता बातमी ऐक. आमचा सिनेमा ज्या कादंबरीवर आहे, तिच्यात नवऱ्याची वाट पाहणारी बाई, म्हणजे माझीच भूमिका, वीस पानं नुसता विचारच करते. मूकपटात विचार दाखवायचा कसा? दिग्दर्शक म्हणाले, "जेवायला बस आणि डोळे पूस." मी पाव उचलला आणि सवयीने, तुझ्यासारखाच, कापण्याआधी सुरीने त्याच्या तळाला आशीर्वादाचा क्रूस काढला. लढाईवरून न परतलेल्या बाबांसाठी तू ठेवतेस, तसा पहिला तुकडा रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"अगं, ही शहरातली बाई आहे, खेडवळ नव्हे! काढा हिला!" दिग्दर्शक ओरडले. मी सुरी खाली ठेवून उठू लागले.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले म्हातारे लेखक उठले. "खबरदार! माझी वीस पानं पोरीने एका सुरीने कापून टाकली. हेच ठेवा."

आणि ठेवलं! शुक्रवारी पडद्यावर तुझा हात दिसणार, आई. धाकट्या पोल्डीला घेऊन ये, आणि चांगला कोट घाल.

बाबांचा तुकडा अजून वाढतेस ना? वाढत जा. आता अख्खं व्हिएन्ना त्यांची वाट पाहणार आहे.

तुझीच लेक,
हेडविग