दादाच्या चोवीस पेट्या

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, ता. ५ मार्च १९५३

चि. सौ. कां. कुमुदिनीस गजाननदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दरसालप्रमाणे राजधानीबरोबर आमचे दफ्तर उन्हाळ्यासाठी इंदुरास हलणार. यंदा कागदपत्रांच्या पेट्यांचे काम माझ्याकडे आले आहे. चोवीस पेट्या, सगळ्या सारख्या: तीन फूट लांब, दोन रुंद, एक उंच. तिथे दोन खांबांमधली जागा मिळाली आहे. ती आठ फूट लांब, तीन खोल आणि वरच्या माळ्यापर्यंत सहा फूट उंच. कागदावर मांडून पाहिले तर निम्म्याच मावतात. साहेब म्हणाले, उरलेल्या पेट्या इथेच राहतील आणि त्यांच्या राखणीला मीही. म्हणजे वैशाखात तुझ्या लग्नाला मी नाही. नवरदेवाचा कान पिळायला सख्खा भाऊ नसावा, याचे फार वाईट वाटते. आईला इतक्यात सांगू नकोस.

तुझ्यावर नेहमीच लोभ असलेला,
गजानन

॥ श्री ॥
इंदूर, ता. १० मार्च १९५३

ती. दादास कुमुदिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग रागावले. जन्मभर माझे कान पिळून हात तयार केलास आणि ऐन वेळी राखणीला बसतोस?

लग्नासाठी आणलेल्या साबणाच्या वड्या काढल्या. फुटाला इंच धरला तर वडी म्हणजे तुझी पेटीच. जमिनीवर खडूने तुझी जागा आखली. आई म्हणाली, सारा साबण फैलवून ही पोरगी काय पागलपन करते आहे!

पेटीवरची चिठ्ठी लांब बाजूला असते ना? म्हणून तुम्ही सगळे तीच बाजू समोर ठेवता. मग आठ फुटांत दोनच पेट्या, आणि मागे फूटभर जागा वाया. पेटी फिरव. रुंदी समोर, लांबी आत. दोन-दोन फुटांच्या चार पेट्यांचे आठ फूट झाले, खोली नेमकी तीन, आणि वर सहा थर. चार सक चोवीस. चिठ्ठ्या तेवढ्या आखूड बाजूला चिकटव.

बाबांनी माझी कॉलेजची पुस्तके माळ्यावर टाकली. लग्नानंतर शिक्षण कशाला, असे सासरी म्हणतात म्हणे. गणिताचे तेवढे मी लपवून ठेवले आहे.

ये मात्र नक्की. वाट पाहणारी,
कुमुदिनी

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, ता. १८ मार्च १९५३

चि. सौ. कां. कुमुदिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओसरीवर जागा आखून पेट्या रचल्या. चोवीसच्या चोवीस बसल्या! साहेब दोनदा फिरून पाहून गेले. कोणत्या इंजिनिअरला विचारले, म्हणाले. माझ्या धाकट्या बहिणीला, असे मी ताठ मानेने सांगितले. इतकी वर्षे आम्ही चिठ्ठीपुढे पाहिले नाही, आणि तू घरबसल्या पाहिलेस. पोरी, तुझा फार अभिमान वाटला.

मी पेट्यांबरोबरच येतो आहे. बाबांना सांगून पुस्तके माळ्यावरून काढून ठेव. कानपिळीला भावाला उपरणे नाहीतर अंगठी मिळते. मला दोन्ही नको. तुझे कॉलेज सुटणार नाही, असा शब्द भर मांडवात जावईबापूंकडून घेईन. तो मिळेपर्यंत कान सोडणार नाही.

आईबाबांना नमस्कार. आहे तो लोभ सासरी गेल्यावरही असू दे.

तुझा,
गजाननदादा