सोपे नमुने आधी

प्रिय ताई,

खुनाच्या आरोपातून तुझा लेक काल सुटला. चाकूवरचा डीएनए त्याचा नव्हता, हे आमच्या प्रयोगशाळेने चौदा महिन्यांनी कळवलं.

तू म्हणाली होतीस, "मामा ना तू त्याचा? फाइल जरा वर घे." मी तुला सुनावलं, "ताई, रांग मोडता येत नाही."

रांग मी रोज मोडत होतो. तुंबलेल्या प्रकरणांचा आकडा उतरावा म्हणून सोपे नमुने आधी तपासायला काढायचो. त्याचा किचकट होता, म्हणून मागे ढकलत राहिलो. आकडा निम्म्यावर आला, माझं कौतुकही झालं.

तुझा धाकटा

ता. क. पत्र खिशात घालून आज तुमच्या घरी आलो होतो. दारातच भाचा म्हणाला, "मामा, तुमच्यामुळे सुटलो!" मी म्हणालो, "चल, काहीतरीच!" तुम्हा सगळ्यांना तो माझा मोठेपणा वाटला.