छप्पर उघडणारी, सोयीची, परवडणारी

५ फेब्रुवारी
"असं केस उडवत एकदा लांब जायचं बघा." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ही मला बसच्या खिडकीत बसून म्हणाली होती. शेजारून एक लाल, बिनछपराची गाडी सुळकन पुढे गेली होती. मी तेव्हा 'बघू' म्हणालो. आजपासून बघायला सुरुवात.
निर्णय पक्का. सेकंडहँड स्पोर्ट्स कार. छप्पर उघडणारी, लांबच्या प्रवासाला सोयीची आणि आपल्याला परवडणारी. पॅकिंग खात्यातला माझा जोडीदार म्हणाला, हे सगळं एका गाडीत मिळत नसतं. त्याच्याकडे सायकल आहे. त्याला काय कळणार.

७ फेब्रुवारी
हिला डॉक्टरांकडे नेलं. उत्तम बातमी. फुफ्फुसांच्या आता नव्या तपासण्या नकोत. दर आठवड्याला यायचीही गरज नाही. पथ्य बंद, आवडेल ते खाऊ द्या म्हणाले. मी प्रवासाचं विचारलं. म्हणाले, त्यांना जे करावंसं वाटेल ते करा, आणि लवकर करा. म्हणजे परवानगी! मी हात मिळवला, तर त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही. प्रेमळ माणूस.
येताना आइस्क्रीम घेतलं. हिने दोन चमचे खाल्लं, उरलेलं मी संपवलं. टॅक्सीत ही एक शब्द बोलली नाही. पथ्य सुटल्याचा आनंद एकदम झेपत नाही माणसाला.

१० फेब्रुवारी
जुन्या गाड्यांच्या बाजारात. विक्रेता दर वाक्याला आईची शपथ घेतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव शपथवाला ठेवलं. पिवळ्या गाडीचं छप्पर अर्ध्यात अडकलं. "आईशप्पथ साहेब, अर्धंच ऊन लागतं, हाच तर फायदा!" निळीत बसलो ते बसलोच. सीट जवळजवळ रस्त्याला टेकलेली. शपथवाल्याने दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा बाहेर आलो. गुडघा अजून ठणकतोय.
हिला तो त्रास होणार नाही. ही माझ्या निम्मी आहे. गेल्या महिन्यात आणखी उतरली. स्पोर्ट्स कारला बारीकच माणूस शोभतं.

१३ फेब्रुवारी
लेकीचा फोन. मी येऊ का म्हणाली. मी म्हटलं, रजा कशाला वाया घालवतेस, आई ठणठणीत आहे, आम्ही फिरायला निघालोय. ती म्हणाली, "बाबा, आईला द्या." आई झोपली होती. हल्ली दुपारीही झोपते. प्रवासाआधी विश्रांती हवीच.

१७ फेब्रुवारी
सापडली! हिरवी, दोन माणसांची. छप्पर बटणावर उघडतं म्हणे. बॅटरी उतरली होती म्हणून आज दाखवता आलं नाही, पण शपथ घेतली आहे.
मुख्य प्रश्न सामानाचा. हिला ऑक्सिजनचे दोन सिलेंडर लागतील. एक तिच्या पायाशी, दुसरा डिकीत. मी टेप लावून डिकी मोजली. लांबी, रुंदी, खोली. सिलेंडर आडवा, दोन्ही बाजूंना उशा, चपखल. शेवटी वीस वर्षं काचसामान पॅक करतोय. माझ्या हातची झुंबरं बोटीने समुद्रापार गेली, एक लोलक तडकला नाही. शपथवाल्याने विचारलं, साहेब गोल्फ खेळता का? मी म्हटलं, तसंच काहीसं. टोकन देऊन टाकलं.

२० फेब्रुवारी
रिकामा सिलेंडर घेऊन गेलो. डिकीत ठेवला, चपखल बसला. मग ऐटीत बटण दाबलं. छप्पर उठलं, मागे गेलं, घडी झालं आणि करकरून थांबलं.
छप्पर उघडलं की ते डिकीतच जाऊन बसतं. मी डिकी मोजली ती छप्पर बंद असताना. वीस वर्षं पॅकिंग.
म्हणजे छप्पर उघडं हवं तर सिलेंडर नको, आणि सिलेंडर हवा तर छप्पर बंद. शपथवाला म्हणाला, "मग गोल्फला जाताना बंद ठेवा ना साहेब!" मी म्हटलं, गोल्फ नाही, बायकोचा ऑक्सिजन आहे. त्यावर त्याने शपथ घेतली नाही. हळूच म्हणाला, टोकन परत नेता का? मी नको म्हटलं. अडचण तात्पुरती आहे.

२१ फेब्रुवारी
तोडगा निघाला. एकच सिलेंडर न्यायचा, पायाशी. तो जवळजवळ दोन तास पुरतो. म्हणजे एक तास जायचं आणि एक तास यायचं.
हिला समजावून सांगितलं. "अहो, याला तुम्ही लांबचा प्रवास म्हणता?" म्हणाली आणि हसली. हसण्याचा खोकला झाला, खोकला बराच वेळ थांबेना. यापुढे विनोदी वाटेल असं घरात काही बोलायचं नाही, असं ठरवलं.
मग मी तिला त्या बसमधल्या वाक्याची आठवण करून दिली. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी? मी म्हणाले होते, जरा खिडकी लावा, केस उडतायत." आजारपणात स्मरणशक्तीवरही परिणाम होतो म्हणतात.

२५ फेब्रुवारी
गाडी दारात आली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जोडीदाराला बोलावून घेतलं. मी पॅकिंगचे पट्टे आणि फोमच्या पट्ट्या घरी आणून ठेवल्याच होत्या. हिला खुर्चीत बसवून चारी बाजूंनी व्यवस्थित बांधलं. "मी झुंबर आहे का हो?" म्हणाली. मी म्हटलं, त्याहून नाजूक.
जिन्याच्या पहिल्या वळणावर तिचे ओठ निळे पडले. परत वर आणलं. पट्टे सोडताना जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हातचा चहाही न घेता गेला.
श्वास थाऱ्यावर आल्यावर ही म्हणाली, "आता मला खाली न्यायचं ते एकदाच. तेव्हा मी अजिबात तक्रार करणार नाही, बघा."
हिचा विनोद पहिल्यापासूनच खवचट.

२७ फेब्रुवारी
हिचा हुकूम, गाडी आणलीच आहे तर तुम्ही चक्कर मारून या. छप्पर उघडून एकटाच निघालो. शेजारच्या सीटकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण डावीकडचा आरसा बघायचा तर ती मध्ये येतेच. दुसऱ्या सिग्नलवरून परतलो.
कसं वाटलं, तिने विचारलं. मी म्हटलं, धूळ फार. आणि ऊन डोक्यात जातं. "खोटं नका सांगू." मग म्हटलं, छान वाटलं. खूप छान. ती म्हणाली, "हां. आता लेकीला फोन लावा. आणि ठणठणीत बिणठणीत काही सांगू नका."
लावला. "ये" एवढंच म्हणता आलं.

३ मार्च, सकाळ
लेक काल आली. आईच्या उशाशी बसून असते. माझ्यावर रागावलेली आहे, पण मघाशी माझ्या पुढ्यात चहा ठेवून गेली.
डॉक्टर घरी येऊन गेले. जिन्यात त्यांनी मला सगळं सरळ शब्दांत सांगितलं. मीही या वेळी सरळ ऐकलं. खाली जाऊन गाडीवर ताडपत्री टाकली, चारी टोकं घट्ट बांधली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.
लेक आंघोळीला गेली की आम्हाला दोघांनाच थोडा वेळ मिळेल. तेव्हा हिला एक विचारणार आहे. नाहीच म्हणेल, माझी एकही अव्यवहार्य मागणी तिने आजवर मान्य केलेली नाही. तरी विचारणार. अजून थोडी थांबतेस का?